न उघडणाऱ्या फाइली

सन १८४२ मध्यें अहमदनगरांत (आतांच्या अहिल्यानगरांत) ‘ज्ञानोदय’ पत्र निघूं लागलें. त्या काळचा छापील अंक आज हातीं आला, तर तो वाचावयास डोळे व उजेड एवढें पुरे होतें. उलट वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं संगणकावर जुळविलेलें एखाद्या शाळेचें वार्षिक उघडूं जावें, तर एक तर संगणक साफ नकार देतो, नाहीं तर पडद्यावर अनोळखी चिन्हांची गर्दी उसळते. मजकूर नासला असें समजून पुष्कळजण ती फाइल पुसून टाकतात. ही घाई नुकसानीची आहे. कारण अनेकदां मजकूर जागच्या जागीं असतो, त्याची किल्ली मात्र हरवलेली असते.

संगणकाच्या लेखीं फाइल म्हणजे ० ते २५५ यांमधील अंकांची लांबलचक माळ होय. तिचा अर्थ कोणत्या प्रोग्रॅमनें लावावा हें बहुधा नांवाच्या शेपटावरून ठरतें. तें शेपूट गळलें किंवा बदललें, तर चित्राला पत्र समजून संगणक अडून बसतो. परंतु नांव बदललें म्हणून पोटांतील वस्तु बदलत नाहीं. फाइलीची प्रत साध्या नोटपॅडमध्यें उघडून पहिलीं अक्षरें पाहावीं. पीडीएफ फाइलीच्या आरंभीं टक्क्याचें चिन्ह व ‘पीडीएफ’ हीं रोमन अक्षरें दिसतात. सन २००७ पासूनची वर्डची फाइल हें वास्तविक एक झिप-गाठोडें असून तिच्या आरंभीं ‘पीके’ हीं अक्षरें असतात. हीं गाठोडें बांधण्याची ती रीत काढणाऱ्या फिल कॅट्झ या अमेरिकन गृहस्थाचीं आद्याक्षरें होत.

नक्कल पुरी होण्याआधींच पेनड्राइव्ह उपटला असेल, तर फाइल अर्धवट राहते. तिचा आकार शून्य दिसला, तर त्या प्रतीवर वेळ न दवडतां दुसरी प्रत शोधावी.

परंतु आम्हां मराठी वाचकांस खरा त्रास होतो तो फॉण्टामुळें. पूर्वीं एका अक्षरास एकच अंक मिळे, म्हणजे एकंदर जागा २५६. आणि त्यांतहि रोमन अक्षरांनीं आधींच ठाण मांडलेलें. तेव्हां ‘श्रीलिपि’, ‘आकृति’ वगैरे फॉण्ट करणाऱ्यांनीं रोमन अक्षरांच्या जागीं काना, वेलांटी, अर्धे ग, अर्धे ण असे मराठीचे तुकडे बसविले, व प्रत्येकानें ते आपापल्या सोईनें बसविले. तो फॉण्ट संगणकांत नसला कीं रोमन अक्षरांचा गोंधळ दिसूं लागतो. आम्हांस तर हा मोडीचाच दुसरा अवतार वाटतो: भाषा आपली, कागद शाबूत, पण वाचणारा खुंटलेला.

यावर तोड युनिकोडनें काढली. सन १९९१ मध्यें त्याच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीस १२८ जागा मिळाल्या. त्यांत ‘क’ चा अंक २३२५. फॉण्ट कोणताहि असो, हा अंक बदलत नाहीं.

जुनी फाइल वांचवावयाची असेल, तर प्रथम तिची प्रत करावी. मूळ फाइलीवर ‘सेव्ह’ची कळ दाबूं नये. मग तिचा फॉण्ट मिळवावा. पुष्कळ मराठी वार्षिकें पेजमेकरमध्यें जुळविलीं जात. त्याची शेवटची, म्हणजे सातवी, आवृत्ति सन २००१ मधील आहे. तरी लिब्रेऑफिस हा मोफत प्रोग्रॅम सन २०१५ पासून तशा फाइली कांहीं अंशीं उघडूं शकतो. अक्षरें दिसूं लागलीं कीं ताबडतोब पीडीएफ करून ठेवावी, व नंतर परिवर्तकानें मजकूर युनिकोडांत आणावा.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. जुन्या फॉण्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं टंकित होई. युनिकोडांत ती अक्षरानंतर साठविली जाते. रफाराचें उलट: तो जुन्या पद्धतींत अक्षरानंतर येई, युनिकोडांत आधीं येतो. त्यामुळें परिवर्तनांत वेलांटी व रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसण्याचा संभव असतो. छापील अंक हातीं असल्यास त्याच्याशीं ओळ न् ओळ ताडून पाहावी, आणि माणसांच्या व गांवांच्या नांवांवर दोनदां नजर फिरवावी.