शेवटच्या प्रकरणाबद्दल

माझी कादंबरी वाचून ज्यांनी पत्रं लिहिली, फोन केले, त्यांचे आभार मानायला मी आज आले आहे. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिणं काही जमलं नाही, म्हणून ही वाट शोधली.

बहुतेक पत्रांत एकच प्रश्न होता: नायक शेवटी जिवंत कसा राहिला? हसू नका. माझा नायक तालुक्याच्या गावातला शिक्षक आहे, समलिंगी आहे, आणि शेवटच्या प्रकरणात तो आपल्या जोडीदाराबरोबर भाजी निवडत बसलेला आहे. एका काकांनी कळवलं, ‘शेवट पटला नाही. असं होत नसतं.’

काकांची चूक नाही. आपल्याला सवयच वेगळ्या शेवटाची. १९८१ साली रंगभूमीवर आलेलं तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ आठवा. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री नाटकाच्या मध्यभागी उभी करणं हे त्या काळात केवढं धाडस! रोहिणी हट्टंगडींनी ती मित्रा साकारली. पण मित्रा अखेर आत्महत्या करते आणि तिची गोष्ट आपल्याला सांगतो तो तिचा मित्र, बापू. आपण हळहळत घरी जातो. २००६च्या सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये मात्र तनय स्वतः बोलतो. भाऊ आणि बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात, आणि तो निघून गेल्याचं दुःख दोघांच्याही वाट्याला येतं. भावाचं दुःख तिथे नवलाचं राहत नाही. हे मला फार मोठं पाऊल वाटतं.

हा प्रश्न आपल्याकडेच होता असंही नाही. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली आपल्या पवारांच्या देवास संस्थानात महाराजांचा सचिव होता. त्याआधीच, १९१३-१४ मध्ये, त्याने ‘मॉरिस’ लिहून ठेवली होती. त्यातले दोन पुरुष शेवटी एकत्र राहतात. शेवट गळफासाचा असता तर पुस्तक छापणं सोपं गेलं असतं, असं त्याने स्वतःच नोंदवलं आहे. पण शेवट सुखाचाच हवा हा त्याचा हट्ट. कादंबरी बाहेर आली १९७१ साली, त्याच्या मृत्यूनंतर.

आता कबुली देते. पहिल्या खर्ड्यात मीही माझ्या नायकाला विहिरीत ढकललं होतं. का? तर ते सोपं होतं! वाचक रडतो, समीक्षक ‘संयत शोकांतिका’ म्हणतात, आणि त्या दोघांना भाड्याने घर कोण देईल, एक आजारी पडला तर दवाखान्यात सही कोण करील, हे लेखकाला शोधावं लागत नाही. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरची ३७७ कलमाची टांगती तलवार काढली खरी, पण २०२३ साली समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे सहीचा प्रश्न आहे तिथेच आहे. तो लिहायला मला आणखी दोन वर्षं लागली.

तरीही चुकलेच. ‘तुमच्या नायकाला कधी रागच कसा येत नाही?’ असं तीन-चार तरुण वाचकांनी विचारलं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मी बाहेरून पाहणारी बाई. त्याला सज्जन ठेवण्याच्या नादात जरा देव्हाऱ्यातच बसवला.

शेवटी एका आईचं पत्र. मुलाने माझं पुस्तक काही न बोलता त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवलं होतं. त्यांनी ते वाचायला महिना लावला. या दिवाळीला मुलगा आणि त्याचा मित्र पहिल्यांदाच बरोबर घरी येणार आहेत. पत्राच्या तळाशी लिहिलंय, ‘ते दोघे कोणती भाजी निवडत होते, ते तुम्ही लिहिलेलं नाही.’

ताई, मेथी होती. पुढच्या आवृत्तीत घालते.