सावरायची घाई कशाला?

घरातलं माणूस गेलं की चार दिवसांत लोक सांगू लागतात, ‘आता सावर.’ हेतू चांगला, सल्ला घाईचा. दुःखात माणूस मंदावतो, लोकांत मिसळेनासा होतो; त्या मंदावण्यात मन नव्या परिस्थितीशी जुळवून घेत असतं. शिवाय उतरलेला चेहरा पाहूनच शेजारचे डबा घेऊन येतात. हसतमुख माणसाकडे कोण आणणार?

नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलं, की शोकात मन कधी आठवणींत बुडतं, कधी बँकेची कामं, मुलांची शाळा यांत गुंततं. आणि हे येणं-जाणंच सावरायला मदत करतं. म्हणून सकाळी रडलेली बाई संध्याकाळी मालिका बघताना हसली, तर नावं ठेवू नयेत. आपल्याकडे ठेवतात.

अर्थात सगळंच दुःख आपोआप निवत नाही. तीव्र शोक ६ महिन्यांहून अधिक टिकला, समाजाच्या रीतीपलीकडे गेला आणि रोजचं जगणं अडवू लागला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात तो विकार मानला आहे. जगणंच नकोसं वाटू लागलं, तर मात्र तेवढंही थांबू नये. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतूनही.