गरम झाली की बंद, निवली की चालू



पिकांच्या रोगांविषयी मी नेहमीच लिहितो. आज मोटारीविषयी लिहितो आहे, पण रोग ओळखण्याची रीत काही वेगळी नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरच्या, ७९६ सीसीच्या त्या गाडीसारख्या कार्बुरेटरवाल्या जुन्या लहान गाड्या अजूनही खेड्यापाड्यांत अंगणात उभ्या दिसतात. अशीच एक गाडी माझ्या ओळखीच्या आप्पांकडे आहे. दर पंधरवड्याला ते आपल्या आईला तीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेतात.

गेल्या उन्हाळ्यात गाडीने खोड काढली. पंधरा-वीस किलोमीटर झाले की बंद. अर्ध्या तासाने सेल्फ मारला की चालू, जणू काही झालेच नव्हते! गॅरेजात नेली की सुरळीत. मेकॅनिकने प्लग बदलले, फिल्टर बदलला, कार्बुरेटर साफ केला. पैसे गेले, खोड राहिली. एकदा भर दुपारी आईंना तासभर बाभळीखाली बसावे लागले. आप्पा वैतागून म्हणाले, "साहेब, आता भंगारात घालतो."

मर रोगाच्या सुरुवातीला झाड दुपारी मान टाकते आणि संध्याकाळी पुन्हा ताठ उभे राहते. सकाळी शेतात जाऊन पाहणाऱ्याला रोग दिसतच नाही. गाडीचेही तेच. बंद पडलेली असेल त्याच घडीला तपासायला हवी.

मी विचारले, "आप्पा, बंद पडते ती खाडकन, की गचके खात?"

"खाडकन. दिवा विझवावा तशी."

पेट्रोल कमी पडले तर इंजिन बहुधा गचके खात, धापा टाकत थांबते. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल, तर झाकण सैल करताच हवा आत ओढल्याचा आवाज येतो. खाडकन बंद पडणारी गाडी मात्र आधी विजेच्या बाजूने पाहावी. बॅटरीच्या वायरी आणि अर्थिंग घट्ट आहेत ना, हे पहिले. आप्पांच्या गाडीत ते ठीक होते.

मग एक जादा प्लग घेऊन आम्ही दुपारीच निघालो. अठराव्या किलोमीटरला गाडी थांबली. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर. एका सिलिंडरच्या प्लगची टोपी काढून ती जादा प्लगला लावली आणि प्लगचे लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकेल असे ठेवले. हात लावायचा नाही, झटका जबर बसतो. आणि जवळपास पेट्रोल गळत असेल तर हा प्रयोग करायचाच नाही. आप्पांनी सेल्फ मारला. ठिणगी नाही!

किल्ली बंद करून इग्निशन कॉइलच्या अंगाभोवती ओले फडके गुंडाळले, वरच्या वायरींना पाणी लागू दिले नाही. पाच मिनिटांत ठिणगी आली. जुन्या कॉइलमधली बारीक तार कुठे तुटायला आली असेल, तर तापून पसरली की सांधा सुटतो आणि निवली की पुन्हा टेकतो. तरी एवढ्यावर विश्वास ठेवू नये, कारण फडके गुंडाळेपर्यंत बाकीचे भागही थोडे निवतातच. ओळखीच्याची चांगली कॉइल मागून आणली, दुसरे काहीही बदलले नाही, आणि त्याच रस्त्याने त्याच उन्हात दोन फेऱ्या केल्या. गाडी थांबली नाही. तेव्हा कुठे नवी कॉइल विकत घेतली. आमच्यातले बरेचजण पान पिवळे दिसले की युरिया, वरून औषध, वरून टॉनिक एकाच दिवशी देतात. मग कशाने गुण आला हे देवालाच ठाऊक.

पावसाळ्यात खोड काढणारी गाडी असेल, तर रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडून लांबूनच पाहा. प्लगच्या जुन्या वायरींतून करंट गळत असेल, तर निळसर रेघा चमकताना दिसतात.

आप्पांची गाडी आता दवाखान्याच्या फेऱ्या बिनबोभाट करते. बाभळ जवळ आली की आई मात्र अजून बोलणे थांबवून इंजिनाचा आवाज ऐकतात.