वार्धक्यातील विस्मरण आणि अवटू ग्रंथी

वृद्ध माणूस नावे विसरू लागला, दिवसभर एका जागी बसून राहू लागला, की 'आता वय झाले' असे म्हणून घरची मंडळी मोकळी होतात. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांतील वैद्यांकडे असे रुग्ण बहुधा स्मृतीचे औषध मागण्यासाठीच आणले जातात. चरकसंहितेने मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने सांगितली आहेत. तथापि ती देण्यापूर्वी अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीची तपासणी व्हावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

या ग्रंथीचा स्राव घटला की सर्व शरीरव्यापार मंदावतात. त्वचेची रूक्षता, मलावष्टंभ, शीत सहन न होणे, घोगरा स्वर व मंद नाडी ही लक्षणे दिसतात. आपल्या परिभाषेत धात्वग्निमांद्य व कफावृत वात अशी संप्राप्ती मांडता येते. वृद्धांत मात्र कित्येकदा बुद्धीचे मांद्य हेच ठळक लक्षण असते. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने 1888 मध्येच या विकारातील मनोविकृतींची नोंद केली होती. 1949 मध्ये रिचर्ड अॅशर यांनी असे 14 रुग्ण वर्णिले. भारतातील आठ शहरांच्या 2013 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 5,376 प्रौढांपैकी सुमारे 11 टक्के व्यक्तींत थायरॉइडची न्यूनता आढळली.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. वयोमानानुसार टीएसएच किंचित वाढतेच. 65 वर्षांवरील 737 व्यक्तींवरील 2017 च्या युरोपीय अभ्यासात, अशा सौम्य न्यूनतेत थायरॉक्सिन देऊन लक्षणांत सुधारणा झाली नाही. मात्रा अधिक झाल्यास हृदयाची लय बिघडते, अस्थी क्षीण होतात. म्हणून एकाच अहवालावर विसंबू नये. टीएसएचबरोबर फ्री टी-४, बी-१२ व हिमोग्लोबिन पाहावे.

वैद्य आणि औषधविक्रेते यांची खरी जबाबदारी पुढेच आहे. थायरॉक्सिनची गोळी रिकाम्या पोटी घ्यावयाची असते. लोह व कॅल्शियम तिचे शोषण रोखतात. त्यामुळे लोहभस्म, मंडूर, शंखभस्म, प्रवाळ किंवा शौक्तिक यांचे कल्प आणि ती गोळी यांत किमान चार तासांचे अंतर असावे. इसबगोलही त्याच वेळी देऊ नये. अश्वगंधेने थायरॉइडचा स्राव वाढल्याच्या नोंदी आहेत. गोळी चालू असलेल्या वृद्धास ती विचारपूर्वकच द्यावी. विसराळू रुग्ण गोळी दोनदा घेतो किंवा मुळीच घेत नाही. तेव्हा ती देण्याचे काम घरातील एका जबाबदार व्यक्तीकडे सोपवावे. दुकानात औषध देताना 'आणखी काय चालू आहे?' हा प्रश्न विचारला, तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

चालू थायरॉक्सिन रसायनाच्या भरवशावर बंद करू नये. मात्रा बदलल्यास सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. वृद्ध एकाएकी गुंगीत गेला, अंग थंड पडले, तर विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. हिंगोलीत 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे.

प्रत्येक विस्मरण थायरॉइडमुळे होत नाही, आणि न्यूनता भरून निघाली तरी गेलेली स्मृती पूर्णपणे परत येईलच असेही नाही. परंतु जे विस्मरण भरून निघण्याजोगे आहे, ते केवळ वयाच्या नावावर लिहून मोकळे होणे चिकित्सकाला शोभत नाही.