प्लेस्टेशन ३ : यंत्र दमदार, पण गेम बनवणारे वैतागले!

२००६च्या नोव्हेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणला, तेव्हा अमेरिकेत त्याच्या वरच्या मॉडेलची किंमत होती ५९९ डॉलर. त्याच महिन्यात आलेला निन्टेंडोचा वी २५० डॉलरला मिळत होता. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० तर वर्षभर आधीच, ४०० डॉलरच्या आत, दुकानात येऊन बसला होता.

तुम्ही म्हणाल, महाग वस्तू कमी खपते, त्यात नवल काय? पण कन्सोलचं तसं नसतं. टीव्ही घेतला की चॅनेल दिसतात, कन्सोल मात्र गेमशिवाय नुसता डबा. आणि गेम बनवणारी कंपनी आधी विचारते, हा डबा किती घरांत आहे? घरं कमी, तर खर्च निघणार कसा? मग गेम कमी येतात आणि गेम कमी म्हणून डबा विकला जात नाही.

त्यातही सोनीची खरी अडचण डब्याच्या आत होती. सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून बनवलेली 'सेल' नावाची चिप. कागदावर जबरदस्त! पण तिच्यावर काम करणं म्हणजे लग्नघरातला स्वयंपाक समजा. एक मुख्य आचारी आणि गेमच्या वाट्याला सहा मदतनीस, पण प्रत्येक मदतनिसाचा ओटा जेमतेम २५६ केबीचा. कुणाला काय, कधी आणि किती द्यायचं, हे सगळं प्रोग्रामरनेच ठरवायचं. ते जमलं नाही तर मदतनीस हात बांधून उभे आणि आचारी घामाघूम.

मेमरीचीही तीच गत. एक्सबॉक्सकडे ५१२ एमबीचा एकच साठा होता. प्लेस्टेशनकडे तेवढीच मेमरी, पण २५६-२५६ अशी दोन खोल्यांत वाटलेली. २०११मध्ये 'स्कायरिम' आला, तेव्हा प्लेस्टेशन ३वर खेळणाऱ्यांचे हाल झाले. सेव्ह फाइल जसजशी मोठी होई, तसतसा गेम अडखळू लागे.

गंमत म्हणजे सोनीचे काझ हिराई यांनी २००९मध्ये या अवघडपणाचं समर्थनच केलं. यंत्र सोपं असेल तर त्याची ताकद सगळे लगेच वापरून टाकतील, मग पुढची वर्षं काय करायचं, असा त्यांचा सूर. मला हे काही पटत नाही. अवघड पेपर काढून वर विद्यार्थ्यांना ऐकवण्यातला हा प्रकार!

सावरलं ते किमतीने आणि घरच्या माणसांनी. २००९मध्ये स्लिम मॉडेल २९९ डॉलरला आलं. सोनीच्याच नॉटी डॉग स्टुडिओने सेलचे कानेकोपरे समजून घेतले आणि २०१३मध्ये 'द लास्ट ऑफ अस' दिला. प्लेस्टेशन ३ला आधी नावं ठेवणारे व्हॉल्व्हचे गेब न्यूएल तर २०१०मध्येच सोनीच्या मंचावर 'पोर्टल २' जाहीर करायला उभे राहिले होते. शेवटी आठ कोटींहून जास्त कन्सोल खपले.

तरी पुढच्या प्लेस्टेशन ४मध्ये सोनीने सेल ठेवलीच नाही. साध्या कॉम्प्युटरच्या घराण्यातली चिप घेतली आणि ८ जीबी मेमरी एकाच साठ्यात दिली.

तुमच्या माळ्यावर प्लेस्टेशन ३ असेल तर भंगारात देऊ नका. त्याच्या डिस्क प्लेस्टेशन ४ किंवा ५वर चालत नाहीत.