फ्रीजर गार होत नाही? मेकॅनिकला बोलवायच्या आधी हे बघा



एप्रिल-मे लागला, आपल्या भोकर भागात पारा ४० च्या पुढे गेला की घरोघरी एकच तक्रार असते, "फ्रीज तर चालू आहे, पण बर्फच जमंना." चला तर मग, आधी त्यामागचं विज्ञान समजून घेऊ.

फ्रीज थंडी तयार करत नाही, बरं का. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. माठ पाझरतो, ते पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. फ्रीजरच्या नळ्यांतही तसंच घडतं. तिथं द्रवाचा वायू होतो आणि तो उष्णता शोषतो. मग कॉम्प्रेसर हा वायू दाबून मागच्या काळ्या जाळीत ढकलतो. तिथं उष्णता बाहेर पडते व वायूचा पुन्हा द्रव होतो. आता खोलीत ४० अंश, फ्रीज भिंतीला चिकटलेला आणि जाळीवर वर्षभराची धूळ! उष्णता जाणार कुठं? म्हणून पहिल्यांदा प्लग काढा, जाळी ब्रशने झाडा, फ्रीज वीतभर पुढं ओढा. (नव्या फ्रीजला जाळी दिसत नाही, बाजूचे पत्रे गरम लागतात. तिथंही हवा खेळली पाहिजे.)

दरवाजाच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर सैल झालंय.

आपल्याकडचा खरा घोळ मात्र व्होल्टेजचा. घरात २३० व्होल्ट यायला पाहिजेत. संध्याकाळी सगळे कूलर सुरू झाले की ते पडतं. कॉम्प्रेसर घुरघुरतो, 'टक्' आवाज करून बंद पडतो, थोड्या वेळानं पुन्हा तेच. रात्री उशिरा तोच फ्रीज नीट चालत असेल, तर दोष फ्रीजचा नाही, लाईनचा आहे. स्टॅबिलायझर बसवा. लाईट येता-जाता असेल तर पाच मिनिटं थांबून फ्रीज लावा. नळ्यांतला दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो.

फ्रीजरमध्ये बोटभर बर्फ साचला असेल तर तोच गोधडीसारखा आड येतो. फ्रीज बंद करून तो आपोआप वितळू द्या. चाकूनं खरवडू नका. नळीला भोक पडलं की गॅस गेला, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमधला गॅस पेट घेणारा असतो.

घरात कुणाचं इन्सुलिन असेल तर त्याची काळजी आधी. न उघडलेल्या बाटलीला २ ते ८ अंश लागतात, पण ती बर्फाला टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. फ्रीज सुरू होईपर्यंत कोरड्या डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवा आणि डॉक्टरांना विचारा.

एवढं करूनही कॉम्प्रेसर अखंड चालतोय आणि एकाच कोपऱ्यात बर्फ धरतोय, तर बहुधा गॅस कमी झालाय. तेव्हा मेकॅनिक बोलवाच. पण गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो, तो कुठूनतरी गळतो. नुसता गॅस भरून घेऊ नका, "गळती कुठं सापडली?" हे आधी विचारा.