नारळाच्या दुधातला हलवा

कुरडया ज्यांच्या घरी होतात, त्यांना गव्हाचा चीक काय ते सांगायला नको. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून पिळून ठेवायचं. वरचं पाणी ओतून टाकलं की तळाशी पांढराशुभ्र चीक उरतो. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या घरांत हाच चीक साखर घालून नारळाच्या दुधात शिजतो. हात थांबला की गुठळी झालीच, म्हणून घोटत राहायचं. घट्ट गोळा कडा सोडू लागला की वेलची, बदाम घालून ताटात ओतायचा आणि वड्या पाडायच्या. रोश हशानाला, म्हणजे ज्यूंच्या नववर्षाला, हा हलवा हवाच.

यात नारळाचं दूध का, हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. सणाला मटण असलं की बासुंदी, खीर सगळं बाद! पण नारळाचं दूध जनावराचं नव्हे. ते मटणाच्या रश्शात चालतं आणि वरच्या गोडातही. दूरच्या वाळवंटी मुलखातला नियम आणि अलिबागच्या वाडीतलं झाड यांची अशी गाठ पडावी!

हे ज्यू कोकणात आले कसे? पूर्वजांचं जहाज इथल्या किनाऱ्यावर नवगावजवळ फुटलं, असं ही मंडळी परंपरेने सांगतात. तेल गाळण्याचा धंदा त्यांनी धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर. पापलेट खायचं, पण कोळंबी, खेकडे, तिसऱ्या वर्ज्य, कारण खवले आणि पर नसलेलं काही चालत नाही. समुद्रकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहून हे पाळणं काय असतं, ते कोकणी माणसालाच कळेल.

1948 नंतर हजारो जण इस्रायलला गेले. लोद, रामला, दिमोना, अश्दोदला राहिले. तिथे लग्नाच्या वेळी त्यांच्याच ज्यूपणाची चौकशी होऊ लागली. ज्यांनी कोळंबीकडे कधी पाहिलं नाही, त्यांच्याकडे पुरावा मागायचा! हा अन्याय वाचताना आजही संताप येतो. धरणं धरावं लागलं, तेव्हा कुठे 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला.

कोकणातून मलिदाही त्यांच्याबरोबर गेला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, भोवती फळं. लग्नाआधी किंवा नवस फेडताना एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने हे ताट मांडतात. बायबलमध्ये हा संदेष्टा यार्देन नदीपलीकडून अग्निरथातून स्वर्गात गेला. बेने इस्रायलींची श्रद्धा आहे, की तो रथ कोकणातही टेकला; अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याची खूण ते दाखवतात. यार्देन आता ज्यांच्या घरापासून काही तासांवर आहे, ती माणसं समुद्र ओलांडून त्या खडकाच्या दर्शनाला येतात आणि तिथे मलिदा करतात.